चहा फाटतो त्या गावाला

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी खानदेशात भरीत खायला गेले नव्हते. भरीत मला खाऊ घातलं गेलं, सकाळ-संध्याकाळ, आणि त्याविरुद्ध मी वेळोवेळी तोंडी निषेधही नोंदवला. मी गेले होते पाण्यासाठी.

सुरतेच्या टोकाला, तापी समुद्राला मिळते तिथे, आम्ही काही टाळकी दर रविवारी पहाटे खाडीच्या पाण्याचा सामू मोजतो. सामू म्हणजे पीएच. सात हा मधला आकडा. त्याच्या खाली पाणी आंबट, वर त्याच्या उलट. खाडीचा आकडा साधारण आठच्या आसपास हवा. तो खाली उतरला की शिंपल्यांचं कवच नीट धरत नाही, कोळंबीची पिल्लं तग धरत नाहीत, आणि ज्या कोळणींकडून आपण घासाघीस करून मासळी घेतो त्यांच्या टोपल्या हलक्या होतात. आमच्या ठरलेल्या जागेचा आकडा काही महिने गुपचूप उतरत होता.

बैठकीत सगळ्यांचं लगेच एकमत झालं, आणि आमच्याकडे असं होत नाही. म्हणे, हे वरून येतंय. वरून म्हणजे कुठून, तर खानदेशातून. केळीची खतं, कापसाच्या फवारण्या, आणखी काय काय. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मथळा मी दिला: "वरच्यांनो, जबाब द्या!" छापून गठ्ठे आल्यावर कोणीतरी विचारलं की वरचं पाणी मोजलंय कोणी? कोणीच मोजलं नव्हतं. मधे उकाईचं एवढं मोठं धरण आहे हेही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझे पप्पा मूळचे मुक्ताईनगरकडचे, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेनासारखं मीटर, ते तपासायच्या द्रावणाच्या बाटल्या आणि पत्रकांचा एक गठ्ठा पिशवीत टाकला आणि निघाले.

नानांचं गाव

नाना म्हणजे पप्पांचे मावसभाऊ. केळीचे शेतकरी. मी पोचले तेव्हा त्यांच्या मळ्यात भरीत चाललं होतं. आपल्याकडे सुरतेत भरीत म्हणजे गॅसवर वांगं भाजायचं आणि शेजारणीने धुराबद्दल तक्रार करायची. इथे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवतात, त्यात हिरवी पांढुरकी वांगी ढिगाने टाकतात, आणि अख्खी भावकी भोवती उभी राहून सल्ले देते. मग बडगीत, म्हणजे लाकडाच्या पसरट भांड्यात, हिरव्या मिरच्यांबरोबर ती ठेचतात. साखरेचा कणही नाही. ज्या मुलीने आयुष्यभर डाळीतसुद्धा साखर खाल्ली तिच्या डोळ्यांतून जे पाणी आलं त्याचा सामू मोजायचा राहिला, याचं मला वाईट वाटतं.

जेवताना मी पत्रकं वाटली. लोकांनी अतिशय आदराने घेतली. त्यावर कळण्याच्या भाकऱ्या ठेवल्या.

नानांचे वडील आबा. धोतर, पांढरी टोपी, आणि कोणी काही सांगितलं की आधी "नाही" म्हणायचं, मग ऐकून घ्यायचं. मी मीटर काढून सामू काय असतो ते सोपं करून सांगायला लागले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "मले नको सांगू सामू. केळीच्या रानाचा काढतोच आमी." माझा सगळा पहिला परिच्छेद फुकट गेला.

आबांचा खरा अभिमान केळी नव्हेच. बांधाच्या कडेला त्यांनी चार ओळी ऊस लावलेला आहे आणि त्याचा गूळ ते स्वतः उभं राहून काढून घेतात. काळा कुळकुळीत, कसलीही पावडर न घातलेला, मागच्या वर्षीचा तर वासालाच भारदस्त. आबा कुठेही पाहुणे म्हणून गेले की हातात ढेप असते. मला तर हर्षवायू झाला. गेल्या वर्षी "साखर सोडा, गूळ धरा" हे पत्रक मीच लिहिलं होतं. मी म्हटलं, आबा, असा गूळ देशाला हवा. त्यांना पहिल्यांदा मी बरी मुलगी वाटले.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय. पुढे लागेल.

चांगदेव

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगदेवला गेले, जिथे पूर्णा तापीला मिळते. बरोबर नानांची मुलगी दीपाली. धुळ्याला शेतकी शिकून आलेली, स्कूटी भन्नाट चालवते, बोलते त्याहून भन्नाट. देवळाच्या खालच्या अंगाला पाणी जवळच्याच दुसऱ्या एका धरणाच्या फुगवट्याने शांत पसरलं होतं. पाणी एवढं रुंद की पलीकडचं गाव अंदाजाने ओळखायचं. बगळे उभे होते, एक माणूस टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत होता, आणि मी गुडघ्याएवढ्या चिखलात. मीटर डोक्यावर धरलं म्हणून वाचलं. डावी चप्पल तापीमाईला अर्पण झाली.

आकडा आला ८.२. मी पुन्हा मोजलं. तेच. वरच्यांनी जबाब दिला होता आणि तो मला अजिबात आवडला नव्हता.

मी चिखलात उभी राहून चिडचिड करत होते तेव्हा दीपाली काठावरून म्हणाली, "ताई, एक काम होतं."

काम असं. धुळे जिल्ह्यात पांझरा तापीला मिळते त्याच्या जवळ एक गाव आहे. तिथला योगेश तिच्या वर्गात होता. घरच्यांनी स्थळ म्हणून ते पाहिलं, पत्रिका जमवल्या, दोघांनी पहिल्यांदाच भेटल्यासारखं तोंड केलं, सगळं झालं. अडलं फक्त आबांपाशी. आबा तरुण असताना त्याच गावात एका लग्नाला वऱ्हाडी म्हणून गेले होते आणि तिथे त्यांच्यापुढे आलेला चहा फाटलेला होता. गाठी-गाठी, वर पिवळं पाणी. तेव्हापासून त्यांचं ठाम मत की त्या गावचं पाणी आंबट आहे, आणि आंबट पाण्यात नात द्यायची नाही.

मी म्हटलं, एवढ्यावर लग्न मोडतं?

"आमच्याकडे मुलगी देताना आधी पाणी बघतात," ती म्हणाली. "आबा एवढंच म्हणाले की तुझं मशीन जे सांगेल ते त्यांना मान्य. तुला तसंही तिकडचं पाणी मोजायचंय. उद्या घर पाहायला सगळे जातायत, तू क्रूझरमध्ये बस." मग चिखलाकडे बघत: "फक्त आकडा बरा येऊ दे."

मी तिला सांगितलं की आकडा येईल तो येईल, मी एका दशांशानेही हलवणार नाही, चळवळीचा पाया म्हणजे विश्वासार्हता. ती म्हणाली, "असली पत्रकं वाचून दाखवूनच मोडशील तू माझं लग्न." आणि स्कूटी चालू केली. मी एका चपलेवर मागे बसले.

क्रूझर

ज्यांनी खानदेशी क्रूझर पाहिली नाही त्यांच्यासाठी: ती एक गाडी असते जिच्यात माणसं मोजायची नसतात. घर पाहायला मुलीने जायचं नसतं, बाकी सगळ्यांनी जायचं असतं. नाना, काकू, दोन मामा, एक आत्या जिचं नातं मला शेवटपर्यंत कळलं नाही, पुढे आबा, आणि आबांच्या मांडीवर गुळाची ढेप. ती माझ्याच पत्रकांत गुंडाळली होती. घट्ट कागद आहे, काकू कौतुकाने म्हणाल्या.

पहाटेच्या मोजणीसाठी अंधारात निघायचं ठरलं होतं. अंधारात आम्ही उठलो एवढं खरं. मग आबांनी ढेप बदलली, मग आत्याने साडी बदलली, मग वाटेत एक मामा एका ओळखीच्या घरी "फक्त पाणी पिऊन येतो" म्हणून उतरले आणि पोहे खाऊन आले. मी नियम सांगितले: नमुने सगळीकडे एकाच वेळेचे हवेत, ऊन चढलं की शेवाळामुळे आकडा बदलतो. नाना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि ड्रायव्हरला सांगून पेरू घ्यायला गाडी थांबवली.

दीपालीचे मेसेज सुरूच होते. कुठे पोचले. आबा काय बोलतायत. मशीन चार्ज आहे ना. अमळनेर मागे पडलं तशी बाहेरच्या पाट्यांवरची गावं बदलली, केळी संपून कपाशी आणि मग नुसतं उघडं रान लागलं, आणि टपरीवर पत्ता विचारला तर उत्तर आलं, "आठेच शे, पुढे चाला." नाना म्हणाले, आता शे लागलं. म्हणजे अहिराणी सुरू झाली. आबांनी टोपी नीट केली. शत्रूच्या मुलखात शिरताना माणूस करतो तशी.

पांझरेच्या तोंडाशी

योगेशच्या घरी ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या, गुलाबी पडदे नवे, आणि आत खापरावर मांडे चाललेले. एवढी मोठी पोळी दोन्ही हातांवर झेलत वाढवतात आणि तापलेल्या खापरावर उपडी टाकतात. मी दारात उभी राहून बघत राहिले तर एका बाईने मलाही करून बघायला सांगितलं. माझी पोळी खापरावर न जाता माझ्या कोपरावर गेली. याची दखल योगेशच्या आजीने घेतली. आजींना तिथे सगळे अक्का म्हणतात. बारीक, ताठ, नाकात मोठी नथ, आणि आम्ही आल्यापासून आबांकडे अशा बघत होत्या की जणू त्यांनी काहीतरी नेलंय आणि परत केलेलं नाही.

जेवणाआधी पाणी, असं आबांनीच सांगितलं. म्हणून आम्ही सगळे, दोन्हीकडची माणसं, गल्लीतली पोरं आणि एक कुत्रं, असे नदीवर गेलो. ओळखीच्या द्रावणात मीटर सर्वांसमक्ष तपासलं. मग ते पाण्यात धरलं. आयुष्यात मी अनेक सभा पाहिल्या, पण एवढ्या शांततेत कोणी माझं काही ऐकलेलं नाही.

८.१.

घरच्या नळाचंही मोजलं, साधारण तेवढंच. मी जाहीर केलं की पाणी आंबट नाही, चांगदेवच्या तापीत आणि इथल्या तापीत नावालाही फरक नाही. शिवाय आबांच्या घरच्या बोअरचं मी काल सहज मोजलं होतं, ते या दोन्हींपेक्षा खाली होतं, तेही सांगून टाकलं. हे सांगायची गरज नव्हती. नानांनी डोळे मिटले. दीपालीला मी आकडा पाठवला. नाचणाऱ्या बाहुल्यांची रांगच आली.

आबांनी वाकून मीटरवरचा आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "आकडा मान्य. पन मंग चहा काहून फाटला?"

प्रश्न रास्त होता.

"चहाच करा," आबा म्हणाले. "याच पान्याचा. माह्या डोयासमोर."

ओसरीवर शेगडी आणली. योगेशच्या आईने पातेल्यात पाणी ठेवलं, पत्ती टाकली आणि साखरेच्या डब्याकडे हात नेला. आणि इथे, वाचकहो, मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साखर कशाला, आबांनी एवढा बिनरसायनी गूळ आणलाय. त्या बाई बिचाऱ्या हळूच म्हणाल्या की साखरेचाच करते, साखरेचा बरा होतो. मी साखरेवर बोलले. माझं "साखर सोडा" मला तोंडपाठ आहे, ते सगळंच बोलले. आबा खुशीत आले. त्यांनी स्वतः ढेप फोडली आणि पत्रकाच्या कागदावरून चांगला मूठभर काळा गूळ पातेल्यात लोटला. पाहुण्यांपुढे सून काय बोलणार? तिने दूध ओतलं.

उकळी आली आणि चहा फाटला.

साधासुधा नाही. गाठी-गाठी, वर पिवळं पाणी. आबांनी वर्णन केलं होतं तसाच्या तसा.

पातेल्यात बुडबुडे येत राहिले. आबा उठले, टोपी सारखी केली, आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. योगेश खांबाला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मघाशी लावलेली पावडर तेवढी उरली होती. माझा फोन थरथरला. दीपालीने विचारलं होतं, "चहा झाला का?"

मी काय लिहिणार? झाला.

मला राग आला. आधी पाण्याचा, मग आबांचा, मग मात्र लक्षात आलं की पाणी मी मोजलंय, दूध आणि गूळ मोजलेलाच नाही. मी आबांना म्हटलं, गाडीत बसायचं तर बसा, पण मशीनचं सगळं ऐकून घ्यायचं कबूल केलंय तुम्ही. ते ओसरीच्या पायरीवर थांबले. मी दूध एका वाटीत घेतलं, मोजलं. दूध जसं असतं तसं, सातच्या जरा खाली. योगेशच्या आईचा जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या वाटीत त्याच नळाचं पाणी घेतलं, आठ दाखवलं सगळ्यांना, आणि त्यात ढेपेचा खडा विरघळवला.

आकडा उतरायला लागला. सात. सहा. पोरं मोठ्याने वाचत होती, सरकारी शाळेत उजळणी म्हणतात तशी. पाचाजवळ तो टेकला आणि तिथेच बसला.

आता सगळं गाव आबांच्या गुळाकडे बघत होतं. तो पडला होता "वरच्यांनो, जबाब द्या!" या मथळ्यावर.

"गूळ आंबट नसते," आबा म्हणाले. "गूळ गोड असते."

त्यावर मी पुस्तकी काहीतरी सांगणार होते. पण अक्का पुढे आल्या. त्यांनी फाटलेल्या चहाचं पातेलं शेगडीवरून उतरवलं, एक कप भरला आणि तो हातात धरून आबांसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्या लगनमा चहा मी करेल व्हता," त्या म्हणाल्या. "नवी नवरी व्हती मी. तवय बी ढेप तुमनीच व्हती."



पुढचं अक्कांनी सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पूर्वेकडचा एक रुबाबदार वऱ्हाडी काळ्या गुळाची ढेप घेऊन आला होता आणि म्हणाला होता, याचाच चहा करा. त्यांनी केला. फाटला. भर मांडवात सासू म्हणाली की या पोरीच्या हाताला गुण नाही. तेव्हापासून त्या घरात लग्न असो, बारसं असो, अक्कांना कोणी चहाला हात लावू दिला नाही. सासू गेली, तरी ते तसंच चालू राहिलं. भाकरी त्यांनी केल्या, मांडे केले, या सुनेला सगळं शिकवलं, पण चहा नाही. सगळ्या गावाला ते माहीत होतं. आता सुनेने मान खाली घातली.

"आते हाऊ चहा तुमीच प्या," अक्का म्हणाल्या आणि कप पुढे केला.

मी चळवळीत बरेच घेराव पाहिले आहेत. असा नाही पाहिला. मागे क्रूझरचं इंजिन चालू, पुढे अक्का, मधे तो कप. आबांनी आधी ढेपेकडे पाहिलं, मग अक्कांकडे. मग ते पायरीवरच बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, कप घेतला आणि गाठींसकट तो सगळा प्यायला. बशीत ओतून नाही, फुंकर घालून नाही. सरळ. शेवटी तळाला राहिलेलंही बोटाने फिरवून घेतलं.

कप परत देताना ते म्हणाले, "गोड शे."

पूर्वेकडचा माणूस, ज्याने आयुष्यभर पश्चिमेकडच्या पाण्यालाही नावं ठेवली, त्याच्या तोंडून "शे" आलं. नाना माझ्या कानात म्हणाले की झालं लग्न. अक्कांनी पदर खोचला, पातेलं घासायला टाकलं, दुसरं घेतलं आणि सुनेकडे न बघता साखरेच्या डब्यासाठी हात पुढे केला. सुनेने तो पटकन दिला. तो चहा मी प्यायले. साखर घातलेला, दोन कप. याबद्दल आमच्या मंडळींपैकी कोणाला काही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणावं.

परत मुखाशी

आल्यावर बैठकीत मी आकडे सांगितले. चांगदेवला आठ पूर्णांक दोन, पांझरेच्या तोंडाशी आठ पूर्णांक एक. एवढ्या दोन जागांवरून सगळी नदी कळत नाही हेही सांगितलं. पण वरच्यांचा जबाब सध्या तरी असा आहे. मग कोणीतरी विचारलं की मग आपल्याकडे आंबट येतं कुठून? आमची मोजणीची जागा ज्या नाल्याच्या तोंडाशी आहे तो नाला आमच्याच सोसायट्यांच्या मागून येतो. आता दर रविवारी तिथून वर चालत जाऊन मोजायचं ठरलंय. कोणाला यायचं असेल तर जुनी चप्पल घाला.

दीपालीचं लग्न मेमध्ये आहे. पत्रिका फोनवर आली, चहा अक्का करणार असं खाली वेगळं लिहिलंय. निघताना आबांनी माझ्याही पिशवीत काहीतरी कोंबलं होतं आणि मी ते विसरले होते. बैठक संपल्यावर मीटर काढायला हात घातला तर पिशवीत मुंग्यांची रांग. तळाशी पुडकं होतं. वर माझाच मथळा, ठळक अक्षरांत, "वरच्यांनो, जबाब द्या!" कागद सोडला. आत चांगली मोठी ढेप होती.